सुखाची शिडी आणि खानदेशचा सालदार

दरवर्षी २० मार्चला, म्हणजे संयुक्त राष्ट्रसंघाने २०१२ साली मुक्रर केलेल्या आनंददिनाच्या सुमारास, जगातील देशांची सुखानुसार लावलेली यादी प्रसिद्ध होते आणि आपल्याकडे आठवडाभर एक ठरावीक नाटक रंगते. २०२५ च्या यादीत १४७ देशांमध्ये भारत ११८ वा होता. नेपाळ ९२ वा, पाकिस्तान १०९ वा, आणि फिनलंड सलग आठव्या वर्षी पहिला. सत्ताधाऱ्यांचे पाठीराखे या यादीला पाश्चात्त्यांचे कारस्थान म्हणतात. आमचे सुख आत्मिक आहे, ते तुमच्या तागडीत मावणार नाही, असे बजावतात. विरोधी पक्षांतील मंडळी, आणि त्यांत आपणही आलो, तोच आकडा काठीसारखा उचलून सरकारच्या पाठीत घालतात. या गदारोळात मोजले काय आणि कसे, हा प्रश्न कोणी विचारीत नाही. समाजवाद्यांनी तरी तो विचारला पाहिजे; कारण ज्या मापाने आज आपण सरकारला झोडपतो, त्याच मापाने उद्या आपल्या चळवळी झोडपल्या जाणार आहेत.

आपल्या वृत्तपत्रांच्या अग्रलेखांत असा एक समज आढळतो की, दरडोई उत्पन्न, आयुर्मान, भ्रष्टाचार वगैरेंची बेरीज करून हा क्रमांक काढला जातो. तसे नाही. त्या गोष्टी देशादेशांतील फरकाचे स्पष्टीकरण देण्यासाठी मागाहून येतात. क्रमांक ठरतो तो एकाच प्रश्नाच्या उत्तरावरून. विचारणारा सांगतो की, एक शिडी डोळ्यांपुढे आणा; तळाची पायरी शून्य, वरची दहा. वरच्या पायरीवर तुमच्या दृष्टीने शक्य असलेले सर्वांत चांगले आयुष्य आहे, तळाला सर्वांत वाईट. आज तुम्ही कोणत्या पायरीवर उभे आहात? बहुतेक देशांत वर्षाला हजाराच्या आसपास माणसांना हे विचारतात आणि तीन वर्षांच्या उत्तरांची सरासरी काढतात. सारे जागतिक सुखशास्त्र या एका शिडीवर उभे आहे.

ही शिडी हॅडली कँट्रिल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची. १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात भारतासह अनेक देशांतील लोकांच्या मुलाखतींचा अभ्यास आहे. कँट्रिलचे एक श्रेय मान्य केले पाहिजे. पायरीचा आकडा विचारण्यापूर्वी तो माणसाला बोलते करी. तुमच्या मनातील उत्तम आयुष्य कसे आहे, कशाची भीती वाटते, हे आधी विचारी आणि मग शिडी पुढे करी. त्यामुळे त्या ग्रंथात एक भारतीय शेतमजूर आपल्याला भेटतो, वय वर्षे पस्तीस. त्याला मुलगा हवा आहे. दुसऱ्याच्या शेतावर राबतो म्हणून स्वतःचा जमिनीचा तुकडा हवा आहे. घर, दूधतुपासाठी एक गाय आणि बायकोला जरा बरी वस्त्रे. एवढे झाले की तो सुखी. त्याच ग्रंथात एक अमेरिकन तंत्रज्ञ आहे, वयाने जवळपास तेवढाच. त्याला घर चालण्याजोगे उत्पन्न, नवी मोटार, एक नौका आणि चार मुलांसाठी खाजगी शाळा हव्या आहेत. समजा, दोघांनीही आपण पाचव्या पायरीवर आहोत असे सांगितले. त्या दोन पाचांत समान काय आहे? एकाची शिडी माळवदाला लावलेली, दुसऱ्याची सात मजली इमारतीला. पुढे या शिडीचा जगभर व्यवहार सुरू झाला, तेव्हा वरच्या पायरीवर काय आहे हे विचारणे वगळले गेले. आकडा तेवढा शिल्लक राहिला, कारण आकड्याची सरासरी निघते आणि शेतमजुराच्या गाईची निघत नाही.

आता ही शिडी घेऊन जळगाव-धुळ्याच्या खेड्यांत जाऊ.

खानदेशात सालदार ही व्यवस्था अजून पुरती संपलेली नाही. एका शेतकऱ्याशी वर्षाचा करार, त्यापोटी ठरलेली रक्कम, बहुधा उचल आधीच घेतलेली, आणि मग दिवसरात्र त्याच्या गुरांची, पाण्याच्या पाळीची व शेताची जबाबदारी. साल आखाजीला संपते आणि आखाजीलाच नवे ठरते. या सालदाराला कोणी विचारले की कसे काय, तर अहिराणीत उत्तर येते, "बरं शे." या दोन शब्दांत तक्रार नाही, आनंदही नाही; परक्या माणसापुढे घराची झाकपाक केलेली आहे. फार सुखी आहे म्हटले तर दृष्ट लागेल, दुःखी आहे म्हटले तर मालकाच्या कानावर जाईल. शिवाय प्रश्न विचारणारा कोणी सरकारी माणूस असावा आणि दारिद्र्यरेषेच्या यादीशी याचा काही संबंध असावा, अशी शंका आलीच, तर पायरी आणखी दोन अंगुळे खाली सरकते. त्या यादीने लोकांना जे शिकविले ते ते विसरलेले नाहीत. आणि तोच प्रश्न आखाजीच्या दिवशी माहेरी आलेल्या, झोक्यावर बसलेल्या सासुरवाशिणीला विचारा, तर महिन्याभरापूर्वीचे तिचे उत्तर तिलाच ओळखू येणार नाही. सातपुड्यातील पावरा वस्तीत तर प्रश्न आधी मराठीतून पावरीत जाणार आणि उत्तर उलट्या वाटेने येणार. "शक्य असलेले सर्वांत चांगले आयुष्य" हे पुस्तकी मराठीतच जड जाते. पावरीत ते कोण कसे सांगेल, हे त्या वेळच्या दुभाष्यावर सोपविलेले असते.

परंतु भाषेची अडचण ही यातली लहान अडचण आहे. चांगला दुभाषी मिळाला की ती बरीचशी सुटते. मोठी अडचण "शक्य" या शब्दात आहे. शक्य काय, हे माणूस एकटा ठरवीत नाही. त्याच्या बापाला काय मिळाले, शेजाऱ्याला काय नाकारले गेले, मागणी केली तेव्हा कोणाची हाडे मोडली, यांवरून ते ठरते. ज्याच्या तीन पिढ्या सालदारीत गेल्या, त्याच्या शिडीला मुळातच चार पायऱ्या असतात. त्यातल्या तिसरीवर तो उभा असेल आणि वरचीकडे बघून, फार दूर नाही, असे प्रामाणिकपणे सांगेल.

अमर्त्य सेन यांनी हा मुद्दा अनेक वर्षे मांडला आहे. त्यांनी दिलेला एक दाखला प्रत्येक कार्यकर्त्याने लक्षात ठेवावा असा आहे. बंगालच्या दुष्काळानंतरच्या वर्षी, १९४४ साली, कलकत्त्याजवळच्या सिंगूर येथे आरोग्याची पाहणी झाली. आपली प्रकृती बरी नाही किंवा यथातथाच आहे, असे जवळजवळ निम्म्या विधुरांनी सांगितले. विधवांमध्ये असे सांगणाऱ्या शंभरात तीनही निघाल्या नाहीत. त्या काळच्या बंगाली विधवेच्या ताटात काय पडत होते हे ज्याला ठाऊक आहे, तो या आकड्यावरून विधवा निरोगी होत्या असा निष्कर्ष काढणार नाही. आपली प्रकृती ही बोलण्याजोगी गोष्ट आहे, हेच त्यांना कोणी कळू दिले नव्हते. सेन यांनीच दाखविले की, आजाराची तक्रार सर्वाधिक करतात केरळचे लोक, ज्यांचे आयुर्मान देशात सर्वांत पुढे. आणि सर्वांत कमी करतात बिहारचे. शिक्षण आणि दवाखाना आला की दुखण्याला नाव मिळते. सरकारी आत्महत्यांच्या नोंदीही अशाच फसव्या आहेत. २०२२ साली दर लाख लोकसंख्येमागे केरळात २८.५ आणि बिहारमध्ये ०.६. या आकड्यावर विसंबायचे तर सुखी समाजाचा शोध घेणाऱ्यांनी फिनलंडचे तिकीट काढण्याऐवजी पाटण्याची गाडी धरावी.

येथे शहाद्याची आठवण होणे अपरिहार्य आहे. तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातील, १९९८ पासून नंदुरबार जिल्ह्यात गेलेल्या या तालुक्यात भिल्ल शेतमजूर व सालदार अंबरसिंग सुरतवंती यांच्यामागे उभे राहिले आणि १९७२ साली श्रमिक संघटना स्थापन झाली. मजुरीचे दर, सालदारांच्या अटी, हातातून गेलेल्या आदिवासी जमिनी हे प्रश्न चव्हाट्यावर आले. बायकांनी दारूच्या गुत्त्यांवर धाड घातली. आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा कायदा राज्याने १९७४ साली केला, त्यामागे अशा लढ्यांचा रेटा होता. आता कल्पना करा की, सुखाची शिडी घेऊन एक पाहणीकार १९७० साली शहाद्याच्या एका भिल्ल वस्तीत आला आणि पुन्हा १९७४ साली आला. पहिल्या खेपेस त्याला "बरं शे" ऐकू आले असते. दुसऱ्या खेपेस लोकांनी त्याला बसवून घेतले असते, आणि किमान वेतन किती, मिळते किती, सात-बारावर नाव कोणाचे होते आणि आज कोणाचे आहे, हे सारे सांगून आपण तळाच्या पायरीवर आहोत असे ठणकावले असते. पाहणीकाराने अहवालात काय लिहिले असते? की श्रमिक संघटनेमुळे परिसराचे सुख दोन अंकांनी घटले. त्याच्या मापाप्रमाणे ते खरेही ठरले असते. वरच्या पायऱ्या प्रथमच दिसू लागल्यामुळे आपली पायरी खाली आहे हे कळते, हे टिपण्याची सोय त्या मापात नाही.

राज्यकर्त्यांना हे माप का प्रिय व्हावे, हेही यावरून समजते. रावेर ओलांडून बुऱ्हाणपुरात पाऊल टाकले की मध्य प्रदेश लागतो. तेथील सरकारने २०१६ साली चक्क आनंद विभाग काढला. भूतानने तर राष्ट्रीय सुखाचे तत्त्वज्ञान जगाला शिकविले आणि त्याच काळात, १९९० च्या सुमारास, लाखाच्या आसपास नेपाळीभाषक प्रजा देशाबाहेर घालविली. निर्वासितांच्या छावण्या नेपाळात होत्या. त्यामुळे भूतानच्या सुखाच्या हिशेबात त्या धरण्याचे कारण पडले नाही.

इथवर वाचून आपले काही साथी खूष होतील आणि म्हणतील की, मनाचे हे सारे खूळ मध्यमवर्गीयांचे; भाकरीचा प्रश्न सुटला की मन आपोआप ठिकाणावर येते. हा युक्तिवाद आळशी आहे. मनाचे दुखणे गरिबाला अधिक होते आणि त्याला उपचार कमी मिळतो. राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणी २०१५-१६ साली बारा राज्यांत झाली. प्रौढांपैकी १०.६ टक्क्यांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार होता आणि बहुतेक विकारांत दहापैकी सातांहून अधिक रुग्ण उपचारावाचून होते. त्या बारांत महाराष्ट्र नव्हता. दुखणे समजून घेण्याच्या चांगल्या रीतीही उपलब्ध आहेत. विक्रम पटेल यांनी झिंबाब्वेत काम करताना परदेशी प्रश्नावली तशीच्या तशी लादली नाही. अतिविचाराला तिथल्या शोना भाषेत जो शब्द आहे त्याचा माग घेतला आणि लोकांच्या बोलीतून प्रश्न तयार केले. पुढे गोव्यातही त्यांच्या सहकाऱ्यांनी असेच काम उभे केले आणि गावातल्याच साध्या शिकलेल्या माणसांकडून समुपदेशन करवून दाखविले. मापन करायचे तर ते असे, खालून वर जाणारे, आणि उपचाराशी बांधलेले.

आपल्या जिल्ह्यांत मापनाचा जो अनुभव येतो तो याच्या नेमका उलटा आहे. २००६ साली पंतप्रधानांनी शेतकरी आत्महत्यांसाठी पॅकेज जाहीर केले. महाराष्ट्रात ते विदर्भाच्या सहा जिल्ह्यांपुरते होते. २०१५ साली राज्याने शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी प्रेरणा प्रकल्प काढला, त्यात मराठवाड्याचे आठ आणि विदर्भाचे सहा जिल्हे. खानदेशचा एकही नाही. मलकापूर बुलढाणा जिल्ह्यात आणि मुक्ताईनगर जळगावात. माती तीच काळी, पीक तेच कपाशीचे, व्यापारी नि बोंडअळीही तीच. मनाला आधाराची गरज आहे की नाही, हे मात्र जिल्ह्याच्या सीमेवरच्या दगडाने ठरविले.

आणि ज्याची नोंद होते त्याचीही वाटणी पाहा. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबाला एक लाख रुपयांची मदत मिळते, पण जमीन, मान्यताप्राप्त कर्ज, वसुलीचा तगादा हे सारे कागदावर सिद्ध झाले तर. नाहीतर प्रकरण 'अपात्र'. सालदाराजवळ यांतले काहीच नसते. त्याने उचल घेतलेली असते ती मालकाकडून. २०२२ साली देशात शेतीवर जगणाऱ्या ११,२९० जणांनी आत्महत्या केल्याची सरकारी नोंद आहे. त्यांत शेतकरी ५,२०७ आणि शेतमजूर ६,०८३. त्यांतील ४,२४८ एकट्या महाराष्ट्रातले. मजुरांचा आकडा शेतकऱ्यांच्या आकड्याहून मोठा आहे, आणि आपल्या मोर्चांच्या फलकांवरसुद्धा "शेतकरी आत्महत्या" एवढेच शब्द असतात. याला सरकार जबाबदार नाही.

म्हणून जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतील शाखांनी येत्या आखाजीपूर्वी, साल ठरण्याच्या दिवसांत, एक काम अंगावर घ्यावे. चोपडा, यावल, रावेर, शिरपूर, साक्री या तालुक्यांत प्रत्येकी निदान दोन गावे निवडावीत. अहिराणी व पावरी बोलणाऱ्या मुलामुलींनीच प्रश्न विचारावेत, आणि बायकांना बायकांनी, पुरुष घरात नसताना. कँट्रिलने जे विचारले आणि त्याच्या वारसांनी टाकून दिले, तेथून सुरुवात करावी. तुमच्या मते उत्तम आयुष्यात काय काय असते? त्यातले कोणते मागितल्यास मिळेल असे वाटते, आणि कोणते मागायचीच भीती वाटते, कोणाची? रात्री झोप लागते का? लागत नसेल तर कोणाला सांगता? जवळच्या ग्रामीण रुग्णालयात मनाच्या दुखण्याचा डॉक्टर कधी येतो? सालाची रक्कम, उचल आणि सुट्टीचे दिवस शेजारच्या रकान्यात लिहावेत. उत्तरे त्याच गावच्या चावडीवर, ज्यांनी दिली त्यांच्यासमोर, नावे न घेता वाचून दाखवावीत. पायरीचा आकडा विचारण्याची गरज नाही.