जिनिव्हातील बंद दारे

२० मे २०२५ रोजी जिनिव्हा येथे जागतिक आरोग्य परिषदेने साथरोगविषयक आंतरराष्ट्रीय करार संमत केला, तेव्हा सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. तीन वर्षांहून अधिक काळ चाललेल्या वाटाघाटींचे ते फलित होते. आदल्या दिवशी समितीत झालेल्या मतदानात १२४ राष्ट्रांनी कराराच्या बाजूने कौल दिला, ११ राष्ट्रे तटस्थ राहिली आणि विरोधात एकही मत पडले नाही. एवढा तपशील जगभरच्या वृत्तपत्रांत आला. परंतु नव्या रोगजंतूचे नमुने जो देश जगाच्या हवाली करील, त्याला त्या नमुन्यांवरून तयार होणाऱ्या लशी व औषधे कोणत्या अटींवर मिळतील, हा या साऱ्या खटाटोपाचा गाभा होता. सहभागी कंपन्यांनी साथीच्या काळात उत्पादनाचा २० टक्के हिस्सा जागतिक आरोग्य संघटनेला उपलब्ध करून द्यावा, असे उद्दिष्ट करारात नमूद झाले. ते अमलात आणावयाच्या यंत्रणेचा तपशील मात्र एका परिशिष्टावर सोपवून चर्चा पुढे ढकलण्यात आली. टाळ्या वाजल्या त्या दिवशी सर्वांत कठीण प्रश्न अनुत्तरितच होता. ही गोष्ट सामान्य वाचकापर्यंत पोहोचली असेल, तर तिचे श्रेय मंत्र्यांच्या भाषणांना वा अधिकृत पत्रकांना नाही. महिनोन् महिने बैठकांच्या दाराबाहेर तिष्ठत उभे राहून मसुद्यांतील एकेक शब्द ताडून पाहणाऱ्या मूठभर वार्ताहरांना ते द्यावे लागेल.

आंतरराष्ट्रीय आरोग्यनीती हा विषय रुक्ष वाटतो. स्वल्पविराम आणि विशेषणे यांवरून रात्रभर घातलेला वाद वाचण्यात कोणाला रस असणार? परंतु ‘द्यावे’ आणि ‘दिलेच पाहिजे’ या दोहोंतील अंतर अखेर रुग्णाच्या खाटेपर्यंत जाऊन पोहोचते. कोविडच्या काळात याचा दाहक अनुभव जगाने घेतला. लशींसंबंधीचे पेटंट व इतर बौद्धिक संपदेचे निर्बंध तात्पुरते शिथिल करावेत, असा प्रस्ताव ऑक्टोबर २०२० मध्ये भारत व दक्षिण आफ्रिका यांनी जागतिक व्यापार संघटनेपुढे मांडला. त्यात लशींबरोबर औषधे व निदान चाचण्याही समाविष्ट होत्या. पुढे वाटाघाटी अमेरिका, युरोपीय संघ, भारत व दक्षिण आफ्रिका या चौघांपुरत्या आक्रसल्या. मार्च २०२२ मध्ये त्यांतील तडजोडीचा मसुदा फुटला आणि वार्ताहरांनी तो प्रसिद्ध केला. औषधे व चाचण्या तूर्त वगळल्या गेल्या आहेत, हे जगाला अधिकृत निवेदनावरून कळले नाही. ते या फुटलेल्या कागदावरून कळले. जून २०२२ मध्ये जो निर्णय झाला तो लशींपुरताच होता. बातमीमुळे निर्णय बदलला नाही हे खरे. परंतु दीडशे पावणेदोनशे राष्ट्रांच्या नावाने काय दिले गेले आणि काय सोडले गेले, याची नोंद तरी झाली.

बातमीने निर्णय बदलतही आले आहेत. १९७४ मध्ये माइक मुलर या ब्रिटिश पत्रकाराने एका स्वयंसेवी संस्थेसाठी छोटी पुस्तिका लिहिली. गरीब देशांत दुधाच्या भुकटीची आक्रमक जाहिरात होते, अस्वच्छ पाण्यात आणि अपुऱ्या प्रमाणात ती कालवली जाते आणि त्यापायी अर्भके दगावतात, असा तिचा आशय होता. स्वित्झर्लंडमधील एका गटाने तिचा जर्मन अनुवाद अधिक जहाल मथळ्याने छापला, तेव्हा नेस्ले कंपनीने बर्नच्या न्यायालयात अब्रुनुकसानीचा दावा लावला. १९७६ मध्ये कंपनी दावा जिंकली. तथापि प्रतिवादींना झालेला दंड नाममात्र होता आणि कंपनीने आपल्या जाहिरातींचा फेरविचार करावा, असे न्यायालयानेच सुनावले. हा विजय कंपनीला पराभवाहून महाग पडला. १९८१ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य परिषदेने मातेच्या दुधाला पर्याय म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थांच्या विक्रीसंबंधी आचारसंहिता ११८ विरुद्ध १ अशा मतांनी संमत केली. ते एक मत अमेरिकेचे होते. भारतात या विषयावर १९९२ साली कायदा झाला. सात वर्षांच्या या प्रवासात अनेकांचे श्रम आहेत. परंतु प्रश्नाला प्रथम वाचा फोडली ती शोधवृत्तीच्या लेखणीनेच.

अशी लेखणी केवळ कंपन्यांविरुद्धच चालवावी लागते असेही नाही. २००९ च्या स्वाइन फ्लूच्या साथीत आरोग्य संघटनेला सल्ला देणाऱ्या आणीबाणी समितीची नावे गुप्त ठेवण्यात आली होती. जून २०१० मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ आणि लंडनमधील शोधपत्रकारांची एक संस्था यांनी मिळून दाखवून दिले की, विषाणूरोधक औषधांबाबत संघटनेची पूर्वीची मार्गदर्शक तत्त्वे लिहिणाऱ्या काही तज्ज्ञांचे औषध कंपन्यांशी आर्थिक संबंध होते आणि ते त्या वेळी उघड केले गेले नव्हते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आणीबाणी समितीची नावे प्रसिद्ध झाली. काँगोचे उदाहरण तर याहून गंभीर आहे. तेथील इबोलाच्या साथीत मदतकार्यासाठी गेलेल्या पुरुषांनी नोकरीच्या आमिषाने आपले लैंगिक शोषण केले, असे पन्नासाहून अधिक स्त्रियांनी पत्रकारांना सांगितले. सप्टेंबर २०२० मध्ये हे वृत्त प्रसिद्ध झाले. त्यानंतर संघटनेने नेमलेल्या स्वतंत्र आयोगाने २०२१ मध्ये ८३ संशयितांचा उल्लेख केला. त्यांपैकी २१ जण संघटनेच्या सेवेतील होते. एवढ्या मोठ्या यंत्रणेच्या अंतर्गत तपासणीला जे दिसले नाही, ते गावोगाव हिंडून स्त्रियांशी बोलणाऱ्या वार्ताहरांना दिसले.

यावर मुत्सद्द्यांचे एक उत्तर ठरलेले असते. उघड्यावर सौदा होत नाही, असे ते म्हणतात. प्रत्येक प्रतिनिधी गॅलरीकडे पाहून बोलू लागला, तर कोणीच माघार घेणार नाही आणि करार कधीच व्हायचा नाही. या युक्तिवादात तथ्य नाही असे नाही. तडजोडीला एकांत लागतो. परंतु एकांत आणि अंधार यांत फरक आहे. कोण काय कुजबुजले हे गुप्त राहिले तरी चालेल. मसुदा काय आहे, आपल्या देशाची भूमिका कोणती आणि सल्ला देणाऱ्याचे हितसंबंध कोठे गुंतले आहेत, हे गुप्त राहता कामा नये. शिवाय ही गुप्तता सर्वांना सारखी नसते. बड्या राष्ट्रांची शिष्टमंडळे मोठी असतात आणि बड्या उद्योगांचे प्रतिनिधी जिनिव्हात बारमाही वास्तव्याला असतात. त्यांना हवे ते कळतेच. दार बंद होते ते लहान देशांच्या जनतेपुरते.

दुसरा प्रश्न पैशाचा आहे. सदस्य राष्ट्रांच्या ठराविक वर्गणीतून आरोग्य संघटनेच्या गरजेचा जेमतेम पाचवा हिस्साही अनेक वर्षे भागत नव्हता. उरलेला पैसा श्रीमंत सरकारे आणि धनाढ्य प्रतिष्ठाने देतात व तो कशावर खर्च व्हावा हेही बहुधा तेच ठरवतात. त्यांपैकीच काही प्रतिष्ठाने अनेक नामांकित दैनिकांच्या आणि वृत्तसंस्थांच्या आरोग्यविषयक वार्तांकनालाही अनुदान देतात. अनुदान घेणारा प्रत्येक पत्रकार मिंधा होतो असे म्हणणे अन्यायाचे होईल; त्यांतील अनेकांनी उत्तम काम केले आहे. परंतु ज्याच्याविषयी लिहावयाचे, त्याच्याच तिजोरीतून लिहिणाऱ्याचे वेतन निघू लागले, तर टीका कदाचित थांबणार नाही, पण काही प्रश्न मनात उद्भवणेच थांबेल. म्हणून वाचकांच्या वर्गणीवर चालणाऱ्या छोट्या, स्वतंत्र वृत्तपत्रिकांचे मोल मोठे आहे.

भारताला या विषयाकडे परक्याचे भांडण म्हणून पाहता येणार नाही. पुण्यात तयार होणाऱ्या लशींवर आफ्रिकेतील अनेक देश विसंबून होते आणि २०२१ च्या मार्चनंतर भारताची निर्यात थांबली, तेव्हा त्यांची झालेली कोंडी ते विसरलेले नाहीत. भारत कधी मागणाऱ्यांच्या रांगेत असतो, तर कधी देणाऱ्यांच्या. म्हणूनच त्याच्या प्रतिनिधीने काय बोलावे, यावर येथे चर्चा व्हावयास हवी. कागद खुला असला की काय घडते, याचे उदाहरण याच देशात आहे. क्षयावरील बेडाक्विलिन या औषधाचे पेटंट लांबविण्याच्या जॉन्सन अँड जॉन्सनच्या अर्जाला मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांनी २०१९ मध्ये हरकत घेतली. दोघीही क्षयातून वाचलेल्या. क्षयावरील जुन्या औषधांच्या दुष्परिणामांनी दोघींचीही श्रवणशक्ती गेलेली. मार्च २०२३ मध्ये भारतीय पेटंट कार्यालयाने कंपनीचा तो अर्ज फेटाळला. पेटंटचा अर्ज प्रसिद्ध करावा लागतो आणि त्याविरुद्ध कोणालाही हरकत घेता येते, अशी तरतूद आपल्या कायद्यात आहे म्हणूनच हे शक्य झाले. जिनिव्हातील मसुद्याला अशी हरकत घेण्याची सोय नाही. तो वेळीच छापून आला, तर निदान आवाज उठवता येतो.

केंद्र सरकारने अशा प्रत्येक वाटाघाटीपूर्वी आपली भूमिका संसदेपुढे ठेवावी, ही अपेक्षा अवास्तव नाही. वृत्तपत्रांनाही आपल्या उणिवेकडे डोळेझाक करता येणार नाही. क्रिकेटच्या दौऱ्याबरोबर वार्ताहर धाडणाऱ्या भारतीय दैनिकांपैकी किती जणांनी आरोग्य परिषदेला आपला माणूस धाडला? एकट्याला खर्च परवडत नसेल, तर चार भाषांतील चार दैनिकांनी मिळून एक वार्ताहर ठेवावा. पुढच्या साथीत लस कोणाच्या दंडापर्यंत आधी पोहोचेल, हे ती साथ येण्यापूर्वीच, एखाद्या कंटाळवाण्या बैठकीत ठरलेले असेल. त्या बैठकीच्या दाराशी वाचकाचा एक तरी माणूस उभा असला पाहिजे.