गड पाहायचा की उरकायचा?

दिवाळीची सुट्टी तोंडावर आलीय. सोसायटीच्या पार्किंगमध्ये माती, विटा, पोती जमा व्हायला लागलीत. किल्ल्याची तयारी जोरात आहे. दुसरीकडे मोबाइलवर सहलींच्या जाहिराती येतायत. एका दिवसात तीन किल्ले, नाश्ता-जेवणासह! फॅमिली ग्रुपवर आत्याने अशी जाहिरात टाकली असेल, तर अंगठा दाखवण्याआधी दोन मिनिटं थांबा.

गेल्या वर्षी आम्ही घरचे सगळे लोहगडला गेलो होतो. चढताना माझ्या आठ वर्षांच्या चुलतभावाने विचारलं, "ताई, ही वाट सरळ का नाही बांधली? उगाच वळणं कशाला?" मी पत्रकारितेची विद्यार्थिनी. माझ्या फोनमध्ये तोवर शंभरेक फोटो झाले होते, पण उत्तर एकही नव्हतं. "चल रे, उशीर होतोय," म्हणून मी वेळ मारून नेली.

उत्तर नंतर वाचून कळलं. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे चार दरवाजे ओलांडल्याशिवाय लोहगडावर पोहोचता येत नाही. त्यांना जोडणारी वाट मुद्दाम नागमोडी ठेवलीय. शत्रूला थेट दारावर धडक मारता येऊ नये आणि प्रत्येक वळणावर तो तटावरच्या माऱ्यात सापडावा, म्हणून. वरून खाली पाहिलं की हा सगळा डाव एका नजरेत दिसतो. आम्ही तिथेच उभे राहून सेल्फी काढला होता, आणि खाली पाहिलंच नव्हतं!

११ जुलै २०२५ रोजी मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळालं. त्यातले ११ आपल्या महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. लोहगडही त्यात आहे. आपण स्टेटस ठेवले, फटाके वाजवले. आता या सुट्टीत तिथे गर्दी होणार, हे नक्की. पण धावतपळत आलेल्या गर्दीला दगड फक्त दगडच दिसतो, आणि मग त्यावर बाण मारलेला बदाम कोरायला हात धजावतो. संरक्षित वास्तूचं असं नुकसान केलं, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. तरी बदाम कोरले जातातच. धाकापेक्षा ओळख जास्त कामाची, असं मला वाटतं.

म्हणून या सुट्टीत एकच गड निवडा. गावातला माहितगार माणूस सोबत घ्या. त्याचे पैसे देताना घासाघीस करू नका. घरातल्या प्रत्येकाने एकेक प्रश्न घेऊन चढायचं: पाणी कुठून यायचं, धान्य कुठे ठेवायचे, पहारा कुठून द्यायचे? आजीला चढवत नसेल, तर गाडीने लोहगडवाडीपर्यंत तिलाही न्या. पायथ्याशी पिठलं-भाकरी खाताना उतरून आलेल्या नातवंडांची परीक्षा तीच घेईल.

घरी आल्यावर पोरांच्या मातीच्या किल्ल्याकडे नीट बघा. दरवाजाची वाट या वेळी वळणावळणाची झाली असेल, तर तुमची सहल वसूल झाली म्हणून समजा.

आम्ही यंदा पुन्हा लोहगडलाच जातोय. चुलतभावाचं उत्तर अजून द्यायचं राहिलंय.