ग्रीन्सबर्ग: ७४० डोकी आणि दोन आळशी निष्कर्ष

ज्या प्रेझेंटेशनच्या नावात 'सस्टेनेबिलिटी' हा शब्द आहे, त्यात एक स्लाइड हमखास असते. निळं आकाश, सपाट हिरवी जमीन, मागे पवनचक्क्या. खाली लिहिलेलं: ग्रीन्सबर्ग, कॅन्सस. टोर्नेडोत भुईसपाट झालेलं आणि शंभर टक्के अपारंपरिक विजेवर पुन्हा उभं राहिलेलं गाव. टाळ्या. पुढची स्लाइड.

आणि नंतर चहाच्या वेळी एक 'प्रॅक्टिकल' माणूसही हमखास असतो. तो मोबाइल काढतो, जनगणनेचे आकडे बघतो आणि जाहीर करतो, "अरे, गावाची वस्ती तर निम्मी झालीये! एवढा खर्च करून उपयोग काय? फ्लॉप केस आहे ही."

मला या दोघांचाही सारखाच राग येतो. एकाला गाव म्हणजे जाहिरात वाटते आणि दुसऱ्याला गाव म्हणजे यूजर बेस. जमीन कशी आहे, पाऊस किती पडतो, लोक तिथे मुळात आले कशाला, हे दोघांनीही बघितलेलं नसतं. म्हणून म्हटलं, एकदा शांतपणे हिशोब मांडूच.

आधी नकाशा. ग्रीन्सबर्ग हे दक्षिण-मध्य कॅन्ससमधल्या कायोवा काउंटीचं मुख्य ठिकाण. आपल्या भाषेत तालुक्याचं गाव म्हणा. विचिटा शहरापासून पश्चिमेला साधारण पावणेदोनशे किलोमीटर, हायवे ५४ वर. आजूबाजूला डोंगर नाही, मोठी नदी नाही, मूळचं जंगल नाही. गवताळ प्रदेश, म्हणजे प्रेअरी. बरीचशी जमीन नांगरून तिथे गहू, ज्वारी, मका लावलेला, उरलेल्यावर गुरं.

इथे एक रेघ लक्षात ठेवा: शंभरावं पश्चिम रेखावृत्त. जॉन वेस्ली पॉवेल या भूशास्त्रज्ञाने १८७८ च्या आपल्या अहवालात सांगून टाकलं होतं की साधारण या रेघेच्या पश्चिमेला वर्षाला २० इंचांपेक्षा कमी पाऊस पडतो आणि तिथे नुसत्या पावसावर शेतीचा भरवसा धरू नका. ग्रीन्सबर्ग या रेघेच्या पूर्वेला, जेमतेम साठ किलोमीटरवर. म्हणजे अगदी काठावर! सरासरी पाऊस साधारण ६०० मिमी. ऐकायला बरा वाटतो. पण उन्हाळ्यात पारा चाळिशीला टेकतो, वारा सतत वाहतो, आणि पडलेल्या पाण्यातलं बरंचसं उडून जातं. हिवाळ्यात रात्री पारा शून्याच्या बराच खाली. एखादं वर्ष सोन्यासारखं, तर पुढची तीन कोरडी. 'सरासरी' या शब्दावर विश्वास ठेवून इथे शेती करणारा माणूस गोत्यात येणारच.

आणि टोर्नेडो? तोही याच भूगोलाचा भाग. मेक्सिकोच्या आखातावरून दमट, उबदार हवा उत्तरेला येते. नैऋत्येकडून आणि रॉकी पर्वताकडून कोरडी हवा येते. वरच्या थरात वेगवान वारे. मध्ये अडवायला काही नाही. वसंतात या तिन्हींची गाठ पडते. ४ मे २००७ च्या रात्री पावणेदहाच्या सुमारास जो टोर्नेडो आला तो सुमारे पावणेतीन किलोमीटर रुंद होता. म्हणजे गावापेक्षा रुंद. वाऱ्याचा वेग ताशी ३३० किलोमीटरच्या आसपास. तीव्रता मोजायची सुधारित फुजिता पट्टी अमेरिकेत त्याच वर्षी फेब्रुवारीत लागू झाली होती. तिच्यावर सर्वोच्च पाचवी श्रेणी मिळालेला हा पहिला टोर्नेडो. गावाचा ९५ टक्के भाग गेला, ११ माणसं मेली. इशारा वीसेक मिनिटं आधी मिळाला आणि लोक तळघरात गेले, म्हणून आकडा ११ वर थांबला.

उभं काय राहिलं? धान्य साठवायचा उंच एलेव्हेटर. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता लोकसंख्येकडे वळू. प्रॅक्टिकल माणसाचा सगळा खटला इथेच उभा आहे.

२००० ची जनगणना: १,५७४. २०१०: ७७७. २०२०: ७४०. निम्मी झाली, खरंच आहे. पण हा माणूस २००० च्या मागे जातच नाही. १९६० मध्ये हेच गाव दोन हजारांच्या घरात होतं. १९९० मध्ये १,७९२. म्हणजे टोर्नेडो येण्याआधीच्या चाळीस वर्षांत गावाने आपला पाचवा हिस्सा गमावला होता, तेही एक कौल न उडता! हा कुठला टोर्नेडो होता?

त्याचं नाव ट्रॅक्टर. सोबत कम्बाइन हार्वेस्टर. आणि त्याहीपेक्षा जुनं कारण म्हणजे मुळातच चुकलेला आराखडा.

जरा आकडेमोड करू. अमेरिकन सरकारने ही सगळी जमीन एक-एक चौरस मैलाच्या चौकोनांत मोजली. एका चौकोनात ६४० एकर. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने एका कुटुंबाला १६० एकर, म्हणजे चौरस मैलाला चार कुटुंबं. कायोवा काउंटी ७२३ चौरस मैलांची. सगळी जमीन काही या कायद्याने वाटली गेली नाही, पण हिशोबापुरतं धरू: २,८९२ कुटुंबं. घरटी पाच माणसं म्हटली तर साडेचौदा हजार. हा कागदावरचा हिशोब. प्रत्यक्षात काउंटी सर्वांत भरलेली होती तेव्हा, १९२० च्या आसपास, वस्ती होती सहा हजारांच्या घरात. पूर्वेकडच्या ओल्या जमिनीला पुरणारे १६० एकर इथे पुरत नाहीत, हे लोकांना पोटाने शिकवलं. मग १९३० च्या दशकातला दुष्काळ आणि धुळीची वादळं. मग यंत्रं. आज कॅन्ससचं सरासरी शेत ७०० एकरांच्या वर आहे. कायोवात एका कुटुंबाकडे हजार एकर धरा, की अख्ख्या काउंटीला साडेचारशेच्या आसपास शेतकरी कुटुंबं पुरतात. २०२० मध्ये काउंटीची एकूण वस्ती होती २,४६०. चौरस किलोमीटरला सव्वा माणूस.

तर प्रॅक्टिकल साहेब, प्रश्न "लोक का गेले" हा नाहीच. प्रश्न आहे की १८८० च्या दशकात रेल्वे आणि जमीनवाल्यांनी ज्या आकड्याचं स्वप्न विकलं, तो आकडा या पावसावर कधी बसणार होता का? नव्हता. एखाद्या सर्व्हरची क्षमता कुणीतरी ब्रोशरमध्ये दहापट लिहिली, तर खरा लोड आल्यावर तुम्ही सर्व्हरला 'फ्लॉप' म्हणाल की ब्रोशर लिहिणाऱ्याला?

त्या स्वप्नाचं स्मारक गावातच आहे. १८८७ मध्ये खोदायला घेतलेली मोठी विहीर. १०९ फूट खोल, ३२ फूट व्यास, कुदळ-फावड्यांनी आणि माणसांच्या हातांनी खोदलेली, दगडांनी बांधून काढलेली. रेल्वेच्या इंजिनांना आणि वाढत्या गावाला पाणी हवं म्हणून. १९३२ पर्यंत तिने गावाला पाणी दिलं. आज ते संग्रहालय आहे.

आता वळतो स्लाइडवाल्याकडे. त्याला वाटतं, पवनचक्क्यांनी गाव वाचवलं. साफ चूक! गावाने काय केलं ते आधी नीट सांगतो, कारण ते खरोखर कौतुकाचं आहे. ४,००० चौरस फुटांपेक्षा मोठी प्रत्येक सार्वजनिक इमारत लीड प्लॅटिनम दर्जाचीच बांधायची असा ठराव नगर परिषदेने केला. असा ठराव करणारं ते अमेरिकेतलं पहिलं शहर. हॉस्पिटल, शाळा, सिटी हॉल तसेच बांधले. रस्त्यावरचे सगळे दिवे एलईडी केले. गावाबाहेर १० पवनचक्क्या उभ्या राहिल्या, प्रत्येकी सव्वा मेगावॅटच्या, एकूण साडेबारा मेगावॅट. आणि हो, त्या आल्या सुझलॉनकडून, म्हणजे आपल्या पुण्याच्या कंपनीकडून. (हडपसरला राहणाऱ्यांनी कॉलर ताठ करायला हरकत नाही.) तेव्हाच्या हिशोबाने ही वीज चार हजार घरांना पुरेल एवढी होती. गावात माणसंच आठशेच्या आत!

पण 'शंभर टक्के' म्हणजे काय हे इंजिनिअरने तरी विचारावं ना! वारा पडला की गाव अंधारात बसत नाही, ग्रिडमधून वीज घेतं. शंभर टक्के हा वर्षभराच्या जमाखर्चाचा आकडा आहे, प्रत्येक मिनिटाचा नाही. त्यात लबाडी काही नाही, पण स्लाइडवर ते असं दिसतं की जणू गावाने जगाशी तार तोडली.

आणि मुख्य मुद्दा. पवनचक्की लावल्यावर ती चालवायला दोन-चार माणसं लागतात, चारशे नाही. हरित इमारतींनी हॉस्पिटलचं वीजबिल कमी होतं, पोरं गावात थांबत नाहीत. उलट एक कडू गोष्ट स्लाइडवर कधीच नसते. जुन्या लाकडी घराचं कर्ज कधीच फिटलेलं असतं, घर स्वस्त असतं. ते उडून गेल्यावर विम्याच्या पैशात नवं घर बसत नाही. सत्तरीतल्या माणसाने पुन्हा गृहकर्ज काढायचं? भाड्याने राहणाऱ्याला तर घर बांधायचा प्रश्नच नाही. निम्मं गाव परत आलं नाही त्याचं कारण हरितपणात नाही, या साध्या हिशोबात आहे.

मग पुन्हा बांधायचंच कशाला? १९८७ मध्ये फ्रँक आणि डेबोरा पॉपर या प्राध्यापक जोडप्याने तर सुचवलंच होतं की या गवताळ प्रदेशाचा रिकामा होत चाललेला बराच भाग पुन्हा कुरण होऊ द्यावा आणि तिथे बायसन सोडावेत. प्रॅक्टिकल माणसाला ही कल्पना फार आवडेल. मला त्यातलं निदान पटतं, औषध नाही.

कारण तो एलेव्हेटर. गाव म्हणजे फक्त त्यात झोपणारी ७४० माणसं नव्हेत. सुमारे १,८७० चौरस किलोमीटरवर पसरलेल्या शेतकऱ्याला धान्य टाकायला जागा लागते, ट्रॅक्टरचा सुटा भाग लागतो, कोर्ट-कचेरी लागते, पोरांना शाळा लागते. आणि छातीत कळ आली तर हॉस्पिटल जवळ लागतं. २००७ ला जुनं हॉस्पिटल गेलं, २०१० ला नवं सुरू झालं. ते बांधलं नसतं तर वाचलेल्या पैशांचा हिशोब कुणीही एक्सेलमध्ये मांडला असता, पण रात्री अपरात्री जास्तीचे किलोमीटर गाडी हाकणाऱ्या माणसाचा रकाना त्या एक्सेलमध्ये नसता. त्या जमिनीतून निघणारा गहू जगाला हवा असतो. तो पिकवणाऱ्याला शेजारी एक गाव हवं, एवढी साधी मागणी आहे ही.

आणि आकडे पुन्हा बघा. १९९० ते २००० या दहा वर्षांत गावाची वस्ती १२ टक्क्यांनी घटली. २०१० ते २०२० मध्ये पाच टक्क्यांच्या आत. ज्यांना जायचं ते आधीच गेले होते, हा आक्षेप मला मान्य आहे. म्हणून मी याला विजय म्हणत नाही. मी एवढंच म्हणतो की गाव आपल्या खऱ्या मापाला येऊन थांबतंय. वाढ नाही म्हणजे मरण, हे समीकरण आपल्या डोक्यात कंपनीच्या तिमाही निकालांनी घातलंय. गावाला ते लागू होत नाही.

खरी भीती बघायची तर ती जमिनीखाली आहे. पश्चिम कॅन्ससमध्ये ओगलाला जलस्तरातलं पाणी मोठमोठे फिरते फवारे लावून उपसलं जातंय. विमानातून दिसणारी ती हिरवी गोल शेतं याच पाण्यावर उभी आहेत. अनेक ठिकाणी पाऊस जितकं मुरवतो त्याच्या कितीतरी पट उपसा आहे. तिथल्या एखाद्या गावाची लोकसंख्या आज टिकलेली दिसेल, पण ती मुद्दल खाऊन टिकलेली आहे. प्रॅक्टिकल माणसाच्या चार्टवर ते गाव पास आणि ग्रीन्सबर्ग नापास. आता सांगा, चार्ट चुकलाय की गाव?

तेव्हा पुढच्या वेळी ती स्लाइड आली की टाळ्या वाजवू नका आणि नाकही मुरडू नका. चार प्रश्न विचारा. पाऊस किती? जमिनीला हात किती लागतात? पाणी कमाईतलं की ठेवीतलं? आणि जवळचं हॉस्पिटल किती लांब? उत्तरं आली नाहीत तर स्लाइड काढायला सांगा. या चार उत्तरांशिवाय ७४० हा नुसता आकडा आहे. त्यावरून गाव जगलं की मेलं हे ठरवायचा अधिकार तुम्हाला नाही, मलाही नाही.