इंजिन तलावात, जाळी खुंटीला

तलावात जलपर्णी माजली म्हणून साहेब लोक इंजिन घेऊन आले. पाणी फिरतं ठेवलं की जलपर्णी जाते का, याची चाचणी म्हणे! ग्रामसभेला विचारलं नाही. 'चाचणी संपेपर्यंत जाळं टाकू नका', एवढंच सांगून गेले.

चाचणीला आमचा विरोध नाही. पाणी हललं तर त्यात हवा मिसळते, माशाला बरंच. पण जलपर्णी तरंगते, पाण्यात उतरलेल्या खतावर अन् सांडपाण्यावर पोसते. पाणी फिरवून ते खत कुठं जाणार? जलपर्णी या काठाची त्या काठाला लागेल. तुकडा राहिला तरी पुन्हा फुटते, बी तर गाळात वर्षानुवर्षं जगतं. करायचंच तर शेजारच्या बोडीतली जलपर्णी हातानं ओढून काढू, वरून येणारं सांडपाणी अडवू, अन् पावसाळ्यानंतर दोन्हीकडं काय उरलं ते गावासमोर बघू. (डिझेल कोणाच्या पैशाचं, तेही विचारायचं आहे.)

२००६ च्या वनहक्क कायद्यात मासे अन् पाण्यातल्या इतर उपजावर सामूहिक हक्क लिहिला आहे. आमच्या दाव्यात हा तलाव आहे, दावा कचेरीत पडून आहे. मग जाळं बंद करायचा हुकूम कोणाचा? तो लेखी द्या. तोवर आम्ही जाळं टाकणार.