घर आपले, जमीन कुणाची?

गिरणाकाठच्या भडगावसारख्या तालुक्याच्या गावी स्वतःचे घर असावे, ही शिक्षक-कारकुनांची इच्छा स्वाभाविक आहे. भविष्यनिर्वाह निधी व उपदान यांतून हाती आलेली पुंजी बहुधा गावाबाहेरच्या शेतात पाडलेल्या भूखंडात गुंतते. भाव कमी असतो. तो कमी का, हे मात्र कोणी विचारीत नाही.

इंग्लंडमध्ये 'पार्क होम' नावाची घरे विकली जातात. घर ग्राहकाचे, जागा परक्याची. तिचे भाडे देत राहावयाचे आणि घर विकताना जागामालकाला 10 टक्क्यांपर्यंत दलालीही द्यावयाची. अटी जाचक खऱ्या. पण 1983 च्या कायद्यान्वये त्या लेखी द्याव्या लागतात. इकडे जमीन आपली झाली या समजुतीवर घर उभे राहते आणि ती झालीच नव्हती, हे कर्ज मागताना अथवा वारसांच्या वादात उघडकीस येते.

1947 च्या तुकडेबंदी कायद्याने ठरावीक क्षेत्राहून लहान शेततुकड्यांच्या विक्रीस मनाई केली. त्यावर पळवाट म्हणून नोटरीसमोरचे करारनामे व कुलमुखत्यारपत्रे निघाली. परंतु केवळ विक्रीच्या कराराने मालकी मिळत नाही, असे 1882 चा मालमत्ता हस्तांतरण कायदा सांगतो; कुलमुखत्यारपत्रानेही ती मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली स्पष्ट केले. नोंदणीकृत खरेदीखतदेखील विकणाऱ्याच्या हक्काची हमी देत नाही आणि सातबारा हा महसुली दाखला आहे, मालकीचा निर्णायक पुरावा नव्हे.

2017 च्या दुरुस्तीने असे तुकडे अधिमूल्य भरून नियमित करण्याची वाट खुली झाली. पुढे ती अधिक सुकर होत गेली. हा दिलासा मोठाच. पण त्याने भाऊबंदकीचा दावा मिटत नाही, की रस्ता आणि गटार आपोआप येत नाही. म्हणून 30 वर्षांचा शोध अहवाल, सर्व सहहिस्सेदारांच्या सह्या, सातबारावरील बोजा, अकृषिक परवानगी, मंजूर अभिन्यास आणि नदीची पूररेषा यांची खातरजमा इसारापूर्वीच व्हावयास हवी. 500 चौरस मीटरांहून मोठ्या जागेत आठांपेक्षा अधिक भूखंड पाडले असतील, तर महारेराचा नोंदणी क्रमांकही मागावा.

तथापि, सारा भार ग्राहकावर टाकणे न्याय्य नव्हे. मंजूर अभिन्यासांची यादी नगरपरिषदेने व दुय्यम निबंधकाने दारावर लावली, तर कित्येकांची आयुष्याची कमाई वाचेल. तोवर एक खूणगाठ पुरेशी आहे : ज्या भूखंडावर बँक कर्ज देण्यास तयार नाही, त्यावर निवृत्तीची पुंजी लावणे शहाणपणाचे नाही.