ज्यूंचे सुतक?

“ज्यूंचे सुतक सात दिवसांचे असते,” असे आपल्याकडचे शिकलेले लोकही बेधडक सांगतात. या वाक्यात दिवसांचा हिशेब तेवढा बरोबर आहे. शब्द साफ चुकला आहे. आणि हा शब्द चुकला की नुसते भाषांतर बिघडत नाही, माणूसही दुरावतो. हे मी अनुभवाने सांगतो.

मी सांगलीत नोकरीला असताना आमच्या कचेरीत एक बेने इस्रायल सहकारी होते. त्यांचे वडील पुण्यात वारले. रात्रीच्या गाडीने जाता आले असते. पण आम्ही चौघांनी ठरवले, सुतक फिटू द्यावे, मग भेटावे. ते परतल्यावर आम्ही तोंडे उतरवून भेटलो. ते एवढेच म्हणाले, “सात दिवस दार उघडे होते हो!”

त्या वाक्याचा अर्थ मला फार उशिरा कळला. हिब्रूत ‘शिव्आ’ म्हणजे सात. दफनानंतर सात दिवस आईबाप, मुले, भावंडे आणि नवरा किंवा बायको एवढीच माणसे, फाडलेले वस्त्र अंगावर ठेवून, जमिनीवर किंवा ठेंगण्या बैठकीवर बसतात. पहिला घास घरचा चालत नाही. तो शेजाऱ्यांनी आणायचा. दुःखिताने तोंड उघडेपर्यंत आलेल्याने बोलायचे नाही. ‘कद्दिश’ ही प्रार्थना म्हणायला परंपरेने १० प्रौढ पुरुष लागतात. म्हणजे माणसे आलीच नाहीत, तर मुलाला बापासाठी कद्दिशही म्हणता येत नाही!

आता आपले सुतक पाहा. शब्द मुळात जन्माचा, अर्थ विटाळाचा. ते भावकीला सरसकट लागते. कधी न पाहिलेल्या चुलत्याचेही लागते. स्मृतिकारांनी तर त्याचे दिवसही वर्णावर मोजले : ब्राह्मणाला १०, शूद्राला ३०. सुतक म्हणते, दूर राहा. शिव्आ म्हणते, जवळ या.

यावर कोणी पंडित म्हणतील, ज्यूंतही प्रेताचा विटाळ आहेच. आहे ना. कोहेन घराण्यातला पुरुष जवळच्या नात्याखेरीज प्रेताजवळ जात नाही. दफनभूमीतून परतताना हात धुतात. पण तो विटाळ वेगळा आणि ‘अवेलुत’, म्हणजे शोक, वेगळा. त्यांच्या शास्त्राने जी गल्लत केली नाही, ती आपण का करावी?

बरे, मराठी काही दरिद्री नाही. ‘दुखवटा’ हा शब्द आहे. सातारा-सांगलीकडे दहन करणारेसुद्धा “मातीला गेलो होतो” असेच म्हणतात. लिंगायत तर खरोखरच माती देतात. मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजारी भाकरी-पिठले आणतात. शिव्आचा पहिला घास याहून निराळा कुठे आहे?

शिवाय बेने इस्रायल परके नव्हेत. मराठी त्यांच्या घरची भाषा. जोसेफ इझिकेल राजपूरकर (१८३४–१९०५) यांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. परंपरा सांगते की, या समाजाचा इथला इतिहासच नवगावच्या किनाऱ्यावर, फुटलेल्या गलबतातील मृतांना दिलेल्या मातीपासून सुरू झाला. १९४८ नंतर बहुतेक कुटुंबे इस्राएलला गेली. उरलेल्यांना १० माणसे जमवणेच कठीण.

ज्या जिल्ह्यातल्या वाईत मराठी विश्वकोश घडला, त्या जिल्ह्याला शब्दाचे मोल मी काय सांगावे? सुतक आपल्यापाशी ठेवा. त्यांच्यासाठी दुखवटा लिहा, आणि दार उघडे आहे तोवर जा.