नवी प्रणाली, जुनी खतावणी

दिवाळीनंतर आमच्या श्रीवर्धनच्या घरी विंडोज ११ असलेला नवा संगणक आला. जुना बिघडला होता असे नाही. पण विंडोज १०चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि ११ला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आमच्या यंत्रात नव्हती. पुतण्या म्हणाला, "काका, याला आता निवृत्त करा." बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला हा शब्द जरा लागतोच.

पहिले दोन दिवस गमतीत गेले. स्टार्टचे बटण डाव्या कोपऱ्यातून मधोमध आलेले. १९९५ साली विंडोज ९५ आले तेव्हापासून हाताला डावीकडची सवय, त्यामुळे तो सारखा रिकाम्या जागी जाऊन पडे. सौ. म्हणाली, "देव्हारा हलवल्यासारखं काय करताय? बटणच आहे ना!" सेटिंग बदलून ते पुन्हा डावीकडे नेता येते, हे कळल्यावर तोही प्रश्न मिटला. म्हाताऱ्यांना नवे जमत नाही, ही समजूत मला मान्य नाही. बटणे शिकता येतात.

खरा प्रश्न तिसऱ्या दिवशी उभा राहिला. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळात आमच्या घरावरची कौले उडाली आणि माळ्यावरच्या हस्तलिखितांचा लगदा झाला. एक अप्रकाशित कादंबरी तेवढी वाचली, कारण ती १९९७ साली संगणकावर टंकून घेतली होती. जुन्या यंत्रावर ती उघडत असे. नव्यावर तिचे सॉफ्टवेअर सुरूच होईना. फाइल दुसऱ्या मार्गाने उघडली, तर रोमन अक्षरे, कंस आणि टिंबे यांची रास! दोन वर्षांची मेहनत समोर होती आणि तिच्यातला एक शब्द वाचता येत नव्हता.

कारण साधे आहे. ते सॉफ्टवेअर १६-बिटच्या जमान्यातले. जुन्या यंत्रातले ३२-बिट विंडोज त्याला सांभाळून घेत होते; विंडोज ११ फक्त ६४-बिटमध्ये येते आणि तिथे १६-बिटचे प्रोग्रॅम चालत नाहीत. दुसरे कारण आपल्या घरचे. त्या काळी मराठी फाँट बनवणारा प्रत्येक जण रोमन अक्षरांच्या जागी आपल्या मर्जीप्रमाणे मराठी अक्षरे बसवी. एकाचा 'क' तो दुसऱ्याचा 'ढ'. फाँट गेला की भाषा गेली. १९९१च्या पहिल्या युनिकोडमध्ये देवनागरीला स्वतःची जागा मिळाली, विंडोज २०००पासून ती विंडोजमध्येही आली. पण आपल्यातले अनेक जण त्यानंतरही वर्षानुवर्षे जुन्याच फाँटांत लिहीत राहिले. मीही त्यांतलाच.

इथे मला बँक आठवली. रंगराजन समितीच्या १९८४च्या अहवालानंतर बँकांत संगणक येऊ लागले. आमच्या शाखेत ते आले तेव्हा खतावण्या लगेच बंद झाल्या नाहीत. काही आठवडे प्रत्येक नोंद दोन्हीकडे व्हायची. संध्याकाळी बाकी जुळवायची. एका रुपयाचा फरक असला तरी कोणी घरी जायचे नाही. आम्ही कुरकुर करत असू. पण नियम शहाणपणाचा होता : नवे जुळल्याशिवाय जुने मिटायचे नाही.

रुपयासाठी जी काळजी आपण घेतली, ती शब्दांसाठी घेतली नाही.

माझे नशीब बलवत्तर. कादंबरी टंकणाऱ्या डीटीपीवाल्या गृहस्थांनी तो फाँट जपून ठेवला होता. तो बसवल्यावर अक्षरे दिसू लागली आणि मग मजकूर युनिकोडमध्ये फिरवला. पण फिरवतानाही चुका होतात. ऱ्हस्व वेलांटी पुढच्या अक्षरावर जाते, रफार हरवतो, 'दऱ्या'चा 'दर्या' होतो, म्हणजे डोंगरातली खोल जागा थेट समुद्रात! म्हणून सौ. मूळ पाने मोठ्याने वाचते आणि मी नवी पाने तपासतो. बँकेतल्यासारखीच बाकी जुळवणी चालू आहे.

हे माझ्या एकट्याचे दुखणे असते, तर रविवारी तुमच्यासमोर मांडले नसते. १९९०च्या दशकातली किती तरी मराठी पुस्तके, दिवाळी अंक, गावांच्या स्मरणिका, कुळांचे वृत्तांत अशाच फायलींत पडून असतील. प्रकाशकांनी आणि साहित्यसंस्थांनी ती युनिकोडमध्ये आणण्याचे काम आता हाती घ्यायला हवे. फाँटांची माहिती असलेली माणसेही आमच्याच वयाची आहेत. आणि घरच्या मंडळींनी एवढेच करावे : जुना संगणक भंगारात देण्याआधी आजोबांची एक तरी फाइल नव्यावर उघडून, वाचून पाहावी.

नुसती फाइल नेली म्हणजे मजकूर गेला असे होत नाही. माझा जुना संगणक अजून टेबलाखाली आहे. पुतण्या विचारतो, "काका, कधी काढणार?" मी सांगतो, "बाकी जुळली की."